किंग्ज इंडियन बचाव : खोटा की महाग?

बुद्धिबळ खेळणाऱ्यांमध्ये एक विधान वारंवार ऐकू येते : ‘किंग्ज इंडियन बचाव आता निकालात निघाला, संगणकाने त्याचे खंडन केले आहे.’ शाळाशाळांतल्या बुद्धिबळ मंडळांपर्यंतही हे विधान पोहोचले आहे. एखाद्या विद्यार्थ्याने हा बचाव निवडला, की दुसरा मोबाइलच्या पडद्यावरचा आकडा त्याच्यापुढे धरतो आणि चर्चा तिथेच थांबते. विरुद्ध बाजूचे उत्तरही तितकेच ठरावीक असते : ‘फिशर आणि कास्पारोव्ह हा बचाव खेळत. ते काय वेडे होते?’

आमच्या मते ही दोन्ही विधाने सारखीच लंगडी आहेत. एक यंत्राच्या अधिकारावर उभे आहे, दुसरे माणसाच्या. हा बचाव टिकतो की नाही, हे त्यांतल्या एकानेही सिद्ध होत नाही. प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना ‘खंडन’ हा शब्द जपून वापरावा लागतो. तोच शब्द पटावर इतका स्वस्त का व्हावा, असा प्रश्न आम्हांला पडतो. म्हणून या लेखात या बचावावरचे आरोप आणि त्याची वकिली, दोन्ही तपासून पाहू. मोहरी कशी चालतात एवढे ठाऊक असले, तरी पुढचे समजायला पुरे.

बचाव आहे तरी कसा?

शक्य असल्यास पट जवळ घ्यावा. पांढऱ्याच्या बाजूने डावीकडून उजवीकडे ए ते एच असे आठ स्तंभ आणि खालून वर १ ते ८ अशा ओळी. सर्वांत प्रसिद्ध मार्ग असा : १. डी४, घोडा एफ६, २. सी४, जी६, ३. घोडा सी३, उंट जी७, ४. ई४, डी६, ५. घोडा एफ३, किल्लेकोट; ६. उंट ई२, ई५, ७. किल्लेकोट, घोडा सी६, ८. डी५, घोडा ई७. (प्रत्येक जोडीत पहिली चाल पांढऱ्याची, दुसरी काळ्याची.)

चौथ्या चालीनंतर थांबून पाहिले, तर पांढऱ्याची तीन प्यादी सी४, डी४, ई४ अशी शेजारी शेजारी उभी दिसतात. काळ्याचे एकही प्यादे अजून पटाचा मध्य ओलांडायच्या तयारीत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्टाइनिट्झ आणि टाराश यांनी जी शिकवण रूढ केली, तिच्यानुसार हा जवळजवळ गुन्हाच होता. मध्याची घरे ज्याच्या ताब्यात, त्याच्या मोहऱ्यांना फिरायला जागा जास्त. म्हणून मध्य आपल्या प्याद्यांनी अडवा, हा तेव्हाचा पाठ. १९२० नंतर रेती, निम्झोविच आदी खेळाडूंनी या पाठाला आव्हान दिले. मध्य प्याद्यांनी अडवलाच पाहिजे असे नाही. तो दुरून मोहऱ्यांनी दाबून ठेवता येतो आणि शत्रूची पुढे आलेली प्यादी हेच पुढे लक्ष्य होऊ शकते, असे त्यांचे म्हणणे होते. किंग्ज इंडियन बचाव याच विचाराचे टोक आहे.

या बचावाच्या नावातले ‘इंडियन’ मात्र त्याहून जुने आहे. १८५० च्या दशकात कलकत्त्यात जॉन कॉक्रेन नावाचे एक स्कॉटिश बॅरिस्टर आणि महेशचंद्र बॅनर्जी यांच्यात अनेक डाव झाले. महेशचंद्र काळ्या मोहऱ्यांनी खेळताना घोडा एफ६ वर आणि उंट जी७ वर अशी मांडणी करीत. ‘इंडियन डिफेन्स’ हा शब्द १८८४ साली छापील स्वरूपात आढळतो, तो त्यांच्या या डावांच्या संदर्भातच. देशी पद्धतीच्या बुद्धिबळात प्यादे पहिल्या चालीतही एकच घर पुढे जाते, हे आपल्याकडच्या जुन्या खेळाडूंना माहीत आहे. त्या खेळात वाढलेल्या माणसाला प्यादे एक घर सरकवून त्यामागे उंट बसवणे स्वाभाविक वाटले असेल, यात नवल नाही. युरोपात सिद्धान्त म्हणून जे पुढे मांडले गेले, ते इथे सवय म्हणून आधीच पटावर होते.

दोन बाजूंची शर्यत

आता आठव्या चालीनंतरची स्थिती पाहू. पांढऱ्याचे प्यादे डी५ वर आल्याने मध्य बंद झाला आहे. पांढऱ्याची प्यादी ई४–डी५ अशी तिरकी रांग धरून वजिराच्या बाजूकडे टोक करून उभी आहेत. काळ्याची प्यादी सी७–डी६–ई५ अशी, टोक राजाच्या बाजूकडे. ज्या दिशेला टोक, त्या दिशेला जागा मोकळी. म्हणून तिकडेच चढाई करायची. पांढरा सी५ ही चाल साधून वजिराची बाजू फोडू पाहतो. काळा एफ५, मग एफ४, त्यामागून जी५, एच५, जी४ अशी प्यादी ढकलत थेट पांढऱ्याच्या राजावर येतो. मध्य बंद असल्यामुळे कोणालाच दुसऱ्याला वाटेत अडवणे सोपे जात नाही. मग उरते ती निव्वळ शर्यत.

या शर्यतीत एक महत्त्वाची विषमता आहे. पांढरा पहिला पोहोचला तर त्याला एखादे प्यादे किंवा मोहरे मिळते. काळा पहिला पोहोचला तर मात होते. पांढऱ्याचा वेग सहसा जास्त असतो, पण काळ्याचे बक्षीस मोठे असते. म्हणूनच काळ्याचा सी८ वरचा उंट, जो कितीतरी वेळ जागचा हलत नाही आणि नवशिक्याला आळशी वाटतो, तो इथे अमूल्य ठरतो. ऐन वेळी एच३ वर बळी देऊन पांढऱ्या राजापुढची भिंत फोडण्याचे काम बहुधा त्याचेच. अनेकदा पांढरा आपला चांगला घोडा खर्चून तो उंट मारायला धावतो, तो याच भीतीने.

हा बचाव प्रतिष्ठेला चढला तो १९४६ साली. त्या वर्षीच्या प्राग–मॉस्को सामन्यांत डेव्हिड ब्रॉनस्टाइनने पाखमान आणि झिता यांच्याविरुद्ध काळ्या मोहऱ्यांनी जे डाव जिंकले, त्यांनी बुद्धिबळविश्व चकित झाले. १९५३ साली अर्जेंटिनातील मार देल प्लाता येथे ग्लिगोरिचने नायडॉर्फला वर सांगितलेल्याच योजनेने हरवले. हा मार्ग आजही त्या गावाच्या नावाने ओळखला जातो. आणि गंमत अशी, की त्याच वर्षी पुढे झुरिचच्या स्पर्धेत हाच नायडॉर्फ काळ्या मोहऱ्या घेऊन तैमानोव्हविरुद्ध हाच बचाव खेळला आणि जिंकला. ज्या शस्त्राने आपल्याला जखम केली ते शस्त्र काही महिन्यांत आत्मसात करणे, ही चांगल्या विद्यार्थ्याची खूणच म्हणावी लागेल.

पहिला आरोप : विश्वविजेत्यानेच सोडून दिला

नवव्या चालीला पांढरा बी४ खेळतो, तेव्हा त्या मार्गाला बायोनेट, म्हणजे संगिनीचा हल्ला म्हणतात. काळ्याचा घोडा एच५ वरून एफ४ कडे निघाला, की पांढरा हत्ती ई१ वर नेतो, म्हणजे ई२ वरच्या उंटाला एफ१ वर मागे सरकायला घर मिळते. क्रामनिकने ही कल्पना हाती घेऊन मोठे यश मिळवले. १९९७ साली रशियातील नोव्हगोरोद येथे त्याने या मार्गाने कास्पारोव्हलाच हरवले आणि त्यानंतर कास्पारोव्हने हा बचाव बाजूला ठेवला. आरोप करणारे इथेच थांबतात : जो खेळाडू या बचावाचा सर्वांत मोठा समर्थक होता, त्यानेच हात टेकले, आणखी पुरावा कशाला?

या युक्तिवादातली उणीव समजण्यासाठी ‘खंडन’ म्हणजे काय ते एकदा नीट ठरवले पाहिजे. त्यासाठी बुद्धिबळाहून सोपा खेळ घेऊ : फुली-गोळा. नऊ घरांना १ ते ९ क्रमांक द्या, वरची ओळ १, २, ३ अशी. फुलीवाल्याने पहिली खूण कोपऱ्यात, म्हणजे १ मध्ये केली. समजा, गोळेवाल्याने उत्तर २ मध्ये दिले. आता फुलीवाला ५ मध्ये खेळतो. १–५–९ ही तिरकी ओळ पुरी होऊ नये म्हणून गोळा ९ मध्ये टाकणे भाग पडते. मग फुली ४ मध्ये, आणि आता ७ व ६ अशा दोन ठिकाणी एकाच वेळी धमकी. गोळेवाला एकच घर अडवू शकतो. डाव संपला. ‘कोपऱ्याला २ मध्ये उत्तर’ या बचावाचे हे खरेखुरे खंडन झाले. उलट गोळेवाल्याने उत्तर मध्यात, ५ मध्ये दिले, तर फुलीवाल्याने काहीही केले तरी बरोबरी राखता येते. हा बचाव निर्दोष आहे, हे सगळ्या शक्यता लिहून काढून आठवीचा वर्गसुद्धा सिद्ध करू शकतो.

यावरून दोन व्याख्या मिळतात. बचावाचे खंडन म्हणजे पांढऱ्याकडे अशी एक चाल असणे, की काळ्याच्या प्रत्येक उत्तरावर पांढऱ्याकडे पुन्हा एक चाल असेल, आणि असे शेवटपर्यंत जाऊन पांढरा जिंकेल. बचाव निर्दोष असणे म्हणजे याच्या उलट : पांढऱ्याच्या प्रत्येक चालीवर काळ्याकडे निदान एक उत्तर असणे, जे त्याला हरू देत नाही. ‘एक’ आणि ‘प्रत्येक’ या दोन शब्दांची जागा बदलली की विधानाचा अर्थ पूर्ण पालटतो. गणिताच्या शिक्षकांना ही जोडी चांगली परिचित आहे. १९१३ साली झर्मेलो या जर्मन गणितज्ञाने दाखवून दिले, की बुद्धिबळासारख्या खेळात तीनच शक्यता असतात : एक तर पांढरा हमखास जिंकू शकतो, किंवा काळा हमखास जिंकू शकतो, किंवा दोघेही किमान बरोबरी राखू शकतात. पटावरच्या कोणत्याही स्थितीला हेच लागू आहे. अंतिम सत्यात ‘पांढरा थोडा बरा’ असे काही नसते.

आता नोव्हगोरोदकडे परत या. कास्पारोव्ह हरला, म्हणजे काळ्याच्या अनेक उत्तरांपैकी एक मालिका त्या दिवशी अपुरी पडली. ‘प्रत्येक उत्तर अपुरे’ हे त्यातून निघत नाही. दोष बचावाच्या पायात होता, की पंधराव्या किंवा विसाव्या चालीत, हे एका पराभवाने कळत नाही. खगोलशास्त्रात याला सुंदर समांतर उदाहरण आहे. युरेनसची कक्षा न्यूटनच्या नियमांनी काढलेल्या हिशोबाशी जुळेना, तेव्हा नियम खोटे ठरले नाहीत. एक अज्ञात ग्रह गृहीत धरला गेला आणि १८४६ मध्ये नेपच्यून सापडला. बुधाच्या कक्षेतली लहानशी तफावत पाहून तसाच आणखी एक ग्रह शोधण्यात आला, पण तो काही सापडला नाही. तिथे खरोखरच नियमाला मुरड घालावी लागली, ती आइनस्टाइनच्या १९१५ च्या सिद्धान्ताने. तफावत दोन्हीकडे होती; तिचा अर्थ तपासाअंती वेगळा निघाला. पटावरही तपासच झाला. पुढच्या दशकात अझरबैजानच्या तैमूर राजाबोव्हने संगिनीच्या हल्ल्याविरुद्धही हा बचाव सातत्याने खेळून दाखवला. म्हणजे निदान या बाबतीत तरी दोष पायात असल्याचे सिद्ध झालेले नाही.

दुसरा आरोप : आकडेवारी

दुसरा आरोप संग्रहित डावांच्या आकड्यांवर उभा असतो. हजारो डाव गोळा करायचे, काळ्याला सरासरी किती गुण मिळाले ते पाहायचे, आणि ज्या बचावाची सरासरी कमी तो वाईट म्हणायचा. ही पद्धत दिसते तितकी निष्पाप नाही.

समजा, दोन बचाव आहेत आणि प्रत्येकाचे १०० डाव आपल्यापुढे आहेत. पहिल्यात काळ्याचे २० विजय, ५० बरोबरी, ३० पराभव. दुसऱ्यात ३५ विजय, २० बरोबरी, ४५ पराभव. विजयाला एक आणि बरोबरीला अर्धा गुण धरला, तर दोन्हीकडे बेरीज ४५ च येते. सरासरीच्या दृष्टीने दोन्ही बचाव सारखेच. पण स्पर्धेच्या शेवटच्या फेरीत ज्याला बरोबरी पुरते तो पहिला निवडेल, आणि ज्याला जिंकल्यावाचून गत्यंतर नाही तो दुसरा. किंग्ज इंडियन हा दुसऱ्या जातीचा बचाव आहे. सरासरी सांगताना प्रसरण लपवले, की अर्धे सत्य लपते, हे संख्याशास्त्र शिकवणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

दुसरी अडचण निवडीची. हा बचाव कोण निवडतो? जो आक्रमक आहे, ज्याला धोका पत्करायचा आहे, कधी कधी ज्याला आपल्याहून दुबळ्या प्रतिस्पर्ध्याला हरवायचेच आहे. म्हणजे डावाच्या निकालात बचावाचा गुण किती आणि खेळाडूच्या स्वभावाचा व परिस्थितीचा किती, हे वेगळे काढता येत नाही. रुग्णालयात जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण घरी बसणाऱ्यांपेक्षा जास्त आढळेल, म्हणून रुग्णालय घातक असा निष्कर्ष कोणी काढत नाही. पटावरच्या आकड्यांना हा विवेक का लावू नये? आणि समजा या सगळ्या अडचणी दूर केल्या, तरी सरासरी आपल्याला काय सांगेल? माणसे या बचावात किती चुकतात ते. बचाव मुळात सदोष आहे का, हा प्रश्न शिल्लकच राहील.

तिसरा आरोप : यंत्राचा आकडा

सर्वांत वजनदार आरोप संगणकाचा, आणि तो आम्ही हलका मानत नाही. आजची यंत्रे कोणत्याही माणसापेक्षा फार वरचढ खेळतात. आणि किंग्ज इंडियनच्या मुख्य मार्गांत ती पांढऱ्याची बाजू ठळकपणे सरस मानतात, ही वस्तुस्थिती आहे. प्रश्न एवढाच, की त्या आकड्याचा अर्थ काय?

जुन्या काळी यंत्राचा आकडा प्याद्यांच्या हिशोबात असे. +१ म्हणजे पांढऱ्याची बाजू साधारण एका प्याद्याइतकी सरस. ती यंत्रे ठरावीक खोलीपर्यंत चाली मोजत आणि त्या क्षितिजापलीकडचे त्यांना दिसत नसे. पंचवीस चालींनंतर येणाऱ्या मातेची चाहूल त्यांना लागत नसल्याने या बचावातला काळ्याचा हल्ला त्यांना समजत नसे. २०२० पासून स्टॉकफिश या प्रसिद्ध आज्ञावलीत चेतापेशींच्या जाळ्यासारखी रचना वापरून स्थितीचे मोल ठरवले जाऊ लागले आणि तिची समज खूप वाढली. पुढे डिसेंबर २०२२ च्या आवृत्तीपासून तिच्या आकड्याची व्याख्याच बदलली. आता +१ म्हणजे एक प्यादे नव्हे. यंत्र स्वतःशीच खेळले, तर त्या स्थितीतून पांढरा जिंकण्याची शक्यता ५० टक्के, असा त्याचा अर्थ आहे.

ही व्याख्या नीट वाचली, तर आरोपाची धार तिथेच बोथट होते. पडद्यावर समजा +०.८ दिसले. म्हणजे यंत्र यंत्राशी खेळले तरी पांढरा निम्म्याहून कमी डाव जिंकेल. उरलेले बहुतेक बरोबरीत सुटतील. जो बचाव यंत्राच्याच तोंडून निम्म्याहून अधिक वेळा तरतो, त्याला ‘खंडित’ म्हणणे हा यंत्रावरही अन्याय आहे. यंत्र शक्यता सांगते. खंडन आपण आपल्या पदरचे घालतो.

मग यंत्राने खंडन सिद्धच का करू नये? इथे संख्या आड येतात. बुद्धिबळात एका वेळी साधारण तीसेक चाली शक्य असतात. खंडन दाखवायचे तर पांढऱ्याची एकच चाल पुरते, पण काळ्याची सर्व उत्तरे पाहावी लागतात. नुसत्या वीस चालींपर्यंत गेलो तरी ३० चा २० वा घात, म्हणजे ३ वर २९ शून्ये इतक्या वाटा होतात. त्यांतल्या कितीतरी मूर्खपणाच्या म्हणून लवकर बाद करता येतील हे खरे, पण उरलेल्याही थोड्या नाहीत. तुलनेसाठी : चेकर्स हा त्याहून सोपा खेळ कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या जोनाथन शेफर यांच्या गटाने २००७ साली पूर्णपणे सोडवला, उत्तर आले बरोबरी. त्याला १९८९ पासून १८ वर्षे लागली. त्या खेळातल्या शक्य स्थिती सुमारे ५ वर २० शून्ये इतक्या. बुद्धिबळातल्या स्थितींचा अंदाज ४५ अंकी संख्येत जातो. संपूर्ण आणि निर्विवाद उत्तरे आज फक्त पटावर सात किंवा त्याहून कमी मोहरी उरली असतानाची उपलब्ध आहेत. सात मोहऱ्यांचे पहिले कोष्टक २०१२ साली मॉस्कोच्या लोमोनोसोव्ह विद्यापीठात पुरे झाले. त्यांत अशीही स्थिती आढळली, की जिथे मात पाचशेहून अधिक चालींनी होते. हे सात मोहऱ्यांचे. किंग्ज इंडियनच्या आठव्या चालीला पटावर बत्तीसच्या बत्तीस मोहरी असतात.

वकिलांनाही चार शब्द

इथवर वाचून या बचावाचे चाहते खूश झाले असतील, तर त्यांनी थोडे थांबावे. फिशर आणि कास्पारोव्ह यांचे नाव घेणे हा पुरावा नव्हे. थोर माणसाने वापरले म्हणून साधन निर्दोष ठरत नाही. थोर माणूस सदोष साधनानेही जिंकतो, कारण समोरचा त्याच्याहून जास्त चुकतो. ‘आमच्या मंडळात मी यानेच जिंकतो’ हे म्हणणे तर आणखी कच्चे. त्यातून फार तर मंडळातल्या प्रतिस्पर्ध्यांची माहिती मिळते.

शिवाय या बचावाची किंमत खरी आहे. पहिली गोष्ट, जी७ वरचा उंट. त्याला लांब तिरक्या रांगेवर राज्य करण्यासाठी तिथे बसवले. आणि काळ्याचेच प्यादे ई५ वर आल्याने ती रांग त्याच्या तोंडावरच बंद झाली. दुसरी, जागा. पांढऱ्याच्या ताब्यात पटाचा मोठा भाग असल्याने काळ्याची मोहरी एकमेकांच्या पायात येतात. तिसरी आणि सर्वांत गंभीर, शर्यत लावायची की नाही हे काळ्याच्या हाती नाही. पांढरा हवे तर ई५ वर प्यादी आणि मागोमाग वजीर बदलून डाव थंड करू शकतो, किंवा आपलाही उंट जी२ वर बसवून राजापुढची भिंत आधीच पक्की करू शकतो. तेव्हा हल्ल्याची स्वप्ने पाहत बसलेल्या काळ्याला रुक्ष, चिवट खेळ करावा लागतो. ज्याला तो जमत नाही, त्याच्यासाठी हा बचाव व्यवहारात वाईटच, मग गणिती सत्य काही असो.

आमचा निष्कर्ष

तेव्हा ‘हा बचाव पक्का आहे का?’ हा एक प्रश्न नसून तीन प्रश्न आहेत. पहिला गणिती : अचूक खेळाने काळा वाचतो का? याचे सिद्ध उत्तर आज नाही. टपालाने खेळायच्या बुद्धिबळात संगणकाची मदत घेण्यास मुभा आहे. तिथे वरच्या पातळीवर बहुसंख्य डाव बरोबरीत सुटतात. त्यावरून बरोबरीची सीमा बरीच रुंद असावी आणि हा बचाव तिच्या आतच पडत असावा, असे आम्हांला वाटते. पण हे मत आहे, सिद्धता नव्हे. दुसरा प्रश्न यंत्रांमधल्या खेळाचा : तिथे हा बचाव इतर काही बचावांपेक्षा काळ्याला जास्त त्रासात टाकतो, हे मान्य केले पाहिजे. तिसरा प्रश्न माणसांचा : घड्याळाची टिकटिक चालू असताना, थकव्यात आणि भीतीत हा बचाव चालतो का? याचे उत्तर आमच्या मते ‘हो’ आहे. २०१० साली तुर्कस्तानातील बुर्सा येथे जागतिक सांघिक स्पर्धेत नाकामुराने गेलफांडविरुद्ध काळ्या मोहऱ्यांनी जो डाव जिंकला, तो पाहावा. गेलफांडसारख्या तयारीच्या खेळाडूने वजिराची बाजू फोडली, आणि तरी त्याचा राजा वाचला नाही.

सारांश, किंग्ज इंडियन बचाव महाग आहे. खोटा ठरलेला नाही. महाग वस्तू घ्यावी की नाही, हे घेणाऱ्याची गरज आणि ऐपत ठरवते. खोटी वस्तू कोणीच घेऊ नये. या दोन शब्दांची गल्लत झाली, की मुलांचा तोटा होतो. तो बुद्धिबळापुरता राहत नाही. ‘संगणक म्हणतो’ एवढ्यावर जो विद्यार्थी पटावर गप्प बसायला शिकतो, तोच उद्या औषधाच्या, पाण्याच्या किंवा हवामानाच्या आकड्यापुढेही गप्प बसेल. आणि दुसरा, ‘कास्पारोव्ह खेळत असे’ म्हणून यंत्राचे न ऐकणारा, उद्या कोणा थोर माणसाच्या नावाखाली पुरावाच नाकारील.

शिक्षकांना आम्ही एक प्रयोग सुचवतो. आठव्या चालीनंतरची वर दिलेली स्थिती पटावर मांडा. वर्गातल्या जोड्यांना तिथून पुढे खेळू द्या. प्रत्येक जोडीने दोन डाव खेळावेत, दुसऱ्या डावात रंग बदलून, म्हणजे खेळाडूच्या ताकदीचा परिणाम बराचसा कटून जाईल. केवळ निकाल लिहू नका. हरणाऱ्याने ‘माझा डाव कोणत्या चालीला बिघडला’ हे स्वतः लिहावे, आणि नंतर ते संगणकाच्या मताशी ताडून पाहावे. संगणकाला तीच स्थिती आधी कमी खोलीपर्यंत आणि मग अधिक खोलीपर्यंत तपासायला सांगा आणि आकडा कसा बदलतो याचा तक्ता करा. शेवटी वर्गाला तीन प्रश्न विचारा : हा आकडा कशावरून आला? कोणत्या अटींवर तो खरा आहे? आणि आपण पटावर बसतो तेव्हा त्या अटी पाळल्या जातात का?

बचाव टिकेल की नाही, ते पुढची पिढी पाहील. हे तीन प्रश्न मात्र त्या पिढीला आजच विचारता आले पाहिजेत.